दादासाहेब मावळंकर : वकील आणि सभापति

वकिलाचा धंदा बोलण्याचा, आणि तेंही एका बाजूनें बोलण्याचा. एकदां वकीलपत्र घेतलें, कीं पक्षकाराची बाजू ती आपली बाजू, असें समजून तिच्या समर्थनार्थ सारी बुद्धि वेंचणें हेंच त्याचें कर्तव्य ठरतें. कायदेमंडळाच्या सभापतीचें काम याच्या अगदीं उलट आहे. त्यानें बोलावयाचें थोडें आणि ऐकावयाचें फार. दोन्ही बाजूंस बोलण्याची संधि द्यावयाची आणि आपण मात्र कोणतीच बाजू घ्यावयाची नाहीं. शिवाय न्यायाधीशाप्रमाणें त्याची नेमणूक वरून झालेली नसते. सभागृहांतील बहुमतानेंच त्याला त्या आसनावर बसविलेलें असतें. ज्यांच्या मतांनीं आसन लाभलें, त्यांच्याच विरुद्ध प्रसंगीं निर्णय देण्याची पाळी त्याच्यावर येते. आणि तो निर्णय त्यांच्या बाजूनें गेला, तर दुसरे लोक त्याच्या हेतूविषयीं शंका घेतात. अहमदाबादेस वकिलीला आरंभ करून मुंबई प्रांताची असेंब्ली, दिल्लीची मध्यवर्ती असेंब्ली आणि अखेर स्वतंत्र भारताची लोकसभा, अशा तीन सभागृहांचें अध्यक्षपद ज्यांनीं सांभाळलें, त्या गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचें चरित्र मुख्यतः या एका अडचणीच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

मावळंकरांचें घराणें मूळचें कोंकणांतलें. रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें या गांवावरून त्यांचें आडनांव पडलें. गणेशपंतांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजीं बडोद्यास झाला. शिक्षणाचा कांहीं काळ राजापुरास गेला आणि १९०२ सालीं ते पुढील शिक्षणासाठीं अहमदाबादेस आले. तें शहर त्यांनीं पुढें जन्मभर आपलें मानलें. १९०८ सालीं गुजरात कॉलेजांतून शास्त्रविषय घेऊन ते पदवीधर झाले, १९१२ सालीं मुंबईस कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले आणि १९१३ सालीं अहमदाबादेस त्यांनीं वकिलीस प्रारंभ केला. घरची भाषा मराठी आणि लोकव्यवहाराची गुजराती, अशा दोन्ही भाषांत ते वाढले. पुढें त्यांनीं ग्रंथलेखन केलें तें मुख्यतः गुजरातींत. गुजरातच्या लोकांनींही त्यांना परका मानलें नाहीं. दोन समाजांच्या सीमेवर वाढलेल्या माणसास दुसऱ्याचें म्हणणें ऐकून घेण्याची संवय लहानपणापासूनच लागते. ती संवय त्यांच्या पुढील आयुष्यांत उपयोगी पडली असावी, असें मानावयास हरकत नाहीं.

वकिलीबरोबरच सार्वजनिक कामास आरंभ झाला. १९१६ सालीं ते गुजरात सभेचे चिटणीस झाले. ही सभा सरकारकडे अर्जविनंत्या करणारी, त्या काळच्या पद्धतीची सौम्य संस्था होती. परंतु १९१५ सालीं गांधीजी अहमदाबादेस येऊन राहिले होते आणि अल्पावकाशांतच सभेची सूत्रें त्यांच्याकडे गेलीं. १९१८ सालच्या खेडा सत्याग्रहाचा उगम या सभेच्या अर्जांतच सांपडतो. अतिवृष्टीनें पिकें बुडालीं होतीं. सरकारचाच नियम असा होता, कीं पिकाची आणेवारी चार आण्यांच्या आंत आली, तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी. सरकारी अंमलदार म्हणत, अधिक. म्हणजे वाद नियमाचा नव्हता, नियम लावणाराच्या मोजमापाचा होता. ज्याच्या हातीं वसुली त्याच्याच हातीं मोजणी असेल, तर चांगला नियमही दुबळ्याच्या उपयोगी पडत नाहीं, हा धडा त्या प्रकरणानें सर्वांसच दिला. तरुण वकिलाला तो धडा फार लवकर मिळाला.

१९१९ सालीं मावळंकर अहमदाबादच्या म्युनिसिपालिटीवर निवडून गेले. वल्लभभाई पटेलांच्या कारकीर्दींत त्या संस्थेनें जें नांव मिळविलें, त्या काळचे ते एक प्रमुख सभासद होते, आणि पुढें ते स्वतः तिचे अध्यक्षही झाले. असहकारितेच्या दिवसांत, १९२१-२२ सालीं, गुजरात प्रांतिक काँग्रेसचें चिटणीसपद त्यांच्याकडे होतें. मध्यंतरीं कांहीं काळ ते स्वराज्य पक्षांत होते. १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहांत पुन्हां गांधीजींच्या मार्गावर आले. गटारें, पाणी, शाळा आणि कर यांवर चालणारे नगरसभेंतील वाद वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु सभेचें काम नियमानें कसें चालतें आणि कशानें अडतें, हें शिकण्यास त्याहून चांगली शाळा नाहीं.

१९३५ च्या कायद्याप्रमाणें १९३७ सालीं प्रांतिक निवडणुका झाल्या. मावळंकर मुंबई असेंब्लीचे सभासद झाले आणि १७५ सभासदांच्या त्या सभागृहानें त्यांस सभापति निवडलें. बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. मराठी, गुजराती आणि कानडी मुलखांतले, जमीनदार आणि कुळें, गिरणीमालक आणि मजूर, असे नानाविध प्रतिनिधि तेथें एकत्र आले होते. त्यांतील कित्येकांनीं आजवर सरकारशीं झगडा केला होता, सरकार चालविलें नव्हतें. अशा सभेस वळण लावावयाचें म्हणजे बहुमतास संयम आणि अल्पमतास धीर, दोन्ही शिकवावे लागतात. बहुमताजवळ मतें असतात. अल्पमताजवळ नियमांवांचून दुसरें कांहीं नसतें. म्हणून नियमांचें रक्षण म्हणजे बोलूनचालून अल्पमताचें रक्षण होय. वकिलीचें ज्ञान सभापतीस उपयोगी पडतें तें येथें.

महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. असेंब्लीच्या बैठका बंद झाल्या आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हातीं गेला. मावळंकरांचें सभापतिपद मात्र १९४६ पर्यंत कायम होतें. या वर्षांत त्यांस तुरुंगवासही घडला, आणि एका प्रांताचा सभापति सरकारचा बंदिवान, असें विलक्षण दृश्य लोकांनीं पाहिलें. तुरुंगांत त्यांचा संबंध आला तो चोरी, दरोडा आणि खून यांसाठीं शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशीं. त्यांच्या हकीगती ऐकून त्यांनीं गुजरातींत ‘मानवतानां झरणां’ हें पुस्तक लिहिलें. ज्यांस कायद्यानें दोषी ठरवून कामाचा निकाल लावला, त्यांच्याही ठायीं माणुसकीचे झरे वाहत असतात, हा त्या पुस्तकाचा आशय. वकील आपल्या पक्षकारास ओळखतो तो निकालापर्यंत. निकालानंतरच्या माणसास भेटण्याचा योग मावळंकरांस तुरुंगानें आणून दिला.

१९४६ सालीं ते मध्यवर्ती असेंब्लीवर निवडून आले. तिच्या अध्यक्षपदाची निवडणूक २४ जानेवारी १९४६ रोजीं झाली. एका बाजूस काँग्रेसचे उमेदवार मावळंकर आणि दुसऱ्या बाजूस सर कावसजी जहांगीर. मावळंकरांस ६६ मतें पडलीं, कावसजींस ६३. अवघ्या तीन मतांचा हा विजय होता. त्या सभागृहांत सरकारी आणि नेमलेले सभासद होते, युरोपियन होते, मुस्लिम लीगचा बळकट गट होता. जवळजवळ निम्म्या सभेनें ज्यांस नाकारलें, त्यांस त्या निम्म्या सभेचा विश्वास कमवावयाचा होता, आणि तोही देश फाळणीच्या कड्यावर उभा असतांना.

ही असेंब्ली फार दिवस टिकावयाची नव्हती. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यानें १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीं ती संपुष्टांत आली, आणि तिच्याबरोबर मावळंकरांचें अध्यक्षपदही संपलें. घटना समितीकडे आतां दोन कामें आलीं : राज्यघटना तयार करणें आणि तोंपर्यंत देशाचे नेहमींचे कायदे करणें. दोन्ही कामें तींच माणसें करणार. पण तीं एकत्र करावीं कीं वेगळीं, आणि वेगळीं केलीं तर अध्यक्ष कोण, हे प्रश्न उपस्थित झाले. घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद हे त्या वेळीं मंत्रीही होते. आणि मंत्र्यांस जाब विचारणाऱ्या सभेच्या आसनावर मंत्रीच बसणें योग्य दिसलें नसतें. २० ऑगस्ट १९४७ रोजीं या प्रश्नाच्या विचारासाठीं मावळंकरांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. घटना बनविण्याचें काम आणि कायदे करण्याचें काम निराळें ठेवावें व दुसऱ्यासाठीं स्वतंत्र सभापति असावा, असें ठरलें. १७ नोव्हेंबर १९४७ रोजीं त्या पदावर मावळंकरांचीच निवड झाली. २६ जानेवारी १९५० पासून हीच सभा हंगामी संसद म्हणून काम करूं लागली.

आतां खरी कसोटी सुरू झाली. परकी सरकारच्या काळांत कायदेमंडळाजवळ प्रभावी हत्यार असे तें तहकुबीच्या सूचनेचें. चालू काम बाजूस ठेवून एखाद्या तांतडीच्या प्रश्नावर चर्चा मागावयाची आणि सरकारवर ठपका ठेवावयाचा, अशी ती युक्ति. सरकार सभेला जबाबदारच नसल्यामुळें त्याची अब्रू चव्हाट्यावर आणण्यास दुसरा मार्ग थोडा होता, आणि काँग्रेसनें तो सढळपणें वापरला होता. परंतु १९५० च्या मार्चमध्यें मावळंकरांनीं असा निर्णय दिला, कीं सरकार आतां सभेला जबाबदार आहे. तें कोणत्याही दिवशीं पाडण्याचा अधिकार सभेपाशीं आहे. तेव्हां तहकुबीची सूचना ही केवळ अपवादात्मक प्रसंगींच चालेल, नेहमींचें शस्त्र म्हणून नव्हे. निर्णय तर्कशुद्ध होता. पण बहुमत इतकें प्रचंड, कीं सरकार पाडण्याचा अधिकार विरोधकांपाशीं केवळ कागदावरच होता. जुनें शस्त्र काढून घेतल्याची भावना त्यांच्या मनांत राहिली, आणि ती निराधार म्हणतां येत नाहीं.

मात्र एक दार लावतांना त्यांनीं दुसरीं उघडलीं, हेंही सांगितलें पाहिजे. प्रश्नांच्या उत्तरांतून निघालेल्या मुद्यांवर अर्ध्या तासाची चर्चा, महत्त्वाच्या विषयांवर अल्पमुदतीची चर्चा, मंत्र्यांचें लक्ष वेधणारी सूचना, या साऱ्या सोयी त्यांच्याच कारकीर्दींत आल्या. समित्यांची रचना तर त्यांचें चिरस्थायी काम होय. हिशेब तपासणाऱ्या समितीचें अध्यक्षपद पूर्वीं खुद्द अर्थखात्याच्या सभासदाकडे असे. म्हणजे ज्याचा हिशेब तोच तपासनीस. १९५० पासून ती समिति सभापतीच्या नियंत्रणाखालीं आली. त्याच वर्षीं अंदाज समिति निघाली. १९५३ सालीं आणखी दोन समित्या स्थापन झाल्या : मंत्र्यांनीं सभेंत दिलेलीं आश्वासनें पाळलीं जातात कीं नाहीं हें पाहणारी एक, आणि कायद्यानें दिलेल्या अधिकाराखालीं सरकार जे पोटनियम करतें ते तपासणारी दुसरी. सभागृहांत पक्षाचा हुकूम चालतो; समितीच्या खोलींत कागद चालतो. विरोधी पक्षाच्या एकट्यादुकट्या अभ्यासू सभासदास तेथें आपलें वजन पाडतां येतें.

सरकारशीं मतभेद दाखविण्याचे प्रसंगही त्यांनीं टाळले नाहींत. संसदेची बैठक जवळ आली असतांही वटहुकूम काढण्याची संवय सरकारास लागत होती. वटहुकूम म्हणजे सभेला न विचारतां केलेला कायदा. सभा भरल्यावर तिनें त्यावर शिक्का मारावयाचा तेवढा उरतो. या पद्धतीविरुद्ध मावळंकरांनीं सरकारास वेळोवेळीं लिहिलें, आणि १९५४ सालीं खुद्द पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना लिहून हा मार्ग लोकशाहीच्या तत्त्वास धरून नाहीं, अत्यंत निकडीवांचून तो अवलंबूं नये, असें बजाविलें. बहुमताच्या नेत्यास बहुमतानेंच निवडलेल्या सभापतीनें असें लिहावें, यांत त्या पदाची किंमत दिसते.

१९५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. लोकसभेच्या ४८९ निवडून द्यावयाच्या जागांपैकीं ३६४ काँग्रेसनें जिंकल्या. सभापतिपदासाठीं मावळंकरांचें नांव पुढें आलें. विरोधी पक्षांच्या वतीनें शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव शांताराम मोरे उभे राहिले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदाचे दोन्ही उमेदवार मराठी घराण्यांतले असावेत, हा एक योगायोग. १५ मे १९५२ रोजीं ३९४ विरुद्ध ५५ मतांनीं मावळंकर निवडून आले. १९४६ सालीं तीन मतांचें अधिक्य होतें, तेव्हां विरोधकांची भीति बाळगावी लागे. आतां ३३९ मतांचें अधिक्य होतें, तेव्हां विरोधकांची काळजी वाहावी लागणार होती. दुसरें काम पहिल्याहून अवघड. भिणाऱ्या माणसास नियम आपोआप आठवतात. बलवान माणसास ते मुद्दाम आठवावे लागतात.

याच सुमारास त्यांनीं दुसरा एक दूरगामी नियम घालून दिला. सभागृहांत पक्ष म्हणून मान्यता हवी असेल, तर सभासदांची संख्या निदान गणसंख्येइतकी, म्हणजे एकूण सभासदांच्या एकदशांश, असली पाहिजे. दहापांच सभासदांचे गट पक्ष म्हणून वावरूं लागले, तर सभेचें काम विस्कटेल, हा त्यामागचा विचार. परंतु विरोधकांत सर्वांत मोठा असलेल्या कम्युनिस्ट पक्षाजवळ १६ जागा होत्या. परिणाम असा झाला, कीं पहिल्या लोकसभेंत मान्य असा विरोधी पक्षनेताच राहिला नाहीं.

साचलेल्या नाराजीस १९५४ च्या डिसेंबरांत तोंड फुटलें. सभापति निःपक्षपातीपणानें वागत नाहींत, सबब त्यांस पदावरून दूर करावें, असा ठराव बिहारचे सभासद विघ्नेश्वर मिसिर यांनीं आणला. १८ डिसेंबर रोजीं चर्चा झाली. घटनेप्रमाणें अशा वेळीं सभापतीस आसनावर बसतां येत नाहीं. उपसभापति अनंतशयनम् अय्यंगार यांनीं काम चालविलें. दुसऱ्यांच्या तक्रारींचा निकाल देणारा माणूस त्या दिवशीं स्वतः आरोपीच्या जागीं होता. पंतप्रधान नेहरूंनीं आपल्या भाषणांत काँग्रेसच्या सभासदांस सांगितलें, कीं या प्रश्नावर पक्षाचा कोणताही आदेश नाहीं, प्रत्येकानें आपल्या मनाप्रमाणें मत द्यावें. ठरावाविरुद्ध ते स्वतः जोरानें बोलले, आणि ठराव नामंजूर झाला. असा शेवट अपेक्षितच होता. तरी या प्रसंगाचें मोल निराळें आहे : सभापतीचा न्याय करण्याची रीत घटनेनें लिहून ठेवली आहे, ती उघडपणें आणि शांतपणें वापरतां येते, आणि ती वापरणारे लोक सभेचे शत्रु ठरत नाहींत, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

एक प्रश्न मात्र मावळंकरांच्या हयातींत सुटला नाहीं. इंग्लंडांत सभापति निवडला गेला, कीं तो आपल्या पक्षाचा संबंध तोडतो, आणि पुढील निवडणुकींत मोठे पक्ष बहुधा त्याच्याविरुद्ध उमेदवार उभा करीत नाहींत. येथें तसा संकेत नव्हता. पक्षानें उमेदवारी दिली नाहीं आणि विरोधकांनीं जागा सोडली नाहीं, तर निःपक्षपाती सभापतीनें निवडून कसें यावें? मावळंकर १९५२ सालीं अहमदाबादेहून काँग्रेसच्याच नांवावर निवडून आले. सभापतीनें पक्षाचें सभासदत्व ठेवलें तरी पक्षाच्या वादांपासून आणि हालचालींपासून दूर राहावें, असा मध्यम मार्ग त्यांनीं स्वीकारला आणि इंग्लंडसारखा संकेत येथें हळूहळू रुजावा, अशी इच्छा धरली. ती इच्छा आजवर सफळ झालेली नाहीं.

१९५६ च्या आरंभीं त्यांस हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजीं अहमदाबादेस त्यांचें निधन झालें. त्यांच्या रिकाम्या जागीं त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. निवडणुकीच्या वेळीं पतीस जो मान मिळण्याची रीत नव्हती, तो पत्नीस अशा रीतीनें मिळाला.

त्यांचे निर्णय पुढील सभापति आधार म्हणून घेत आले, आणि त्यांतील कांहींविषयींचा वाद अद्याप चालू आहे. एकदशांशाच्या संकेताकडे बोट दाखवून २०१४ सालच्या लोकसभेंत ४४ जागांच्या काँग्रेस पक्षाला विरोधी पक्षनेत्याचें पद नाकारण्यांत आलें. २०१९ सालींही, ५२ जागा असतांना, तें पद रिकामेंच राहिलें. २०२४ सालीं तें पुन्हां भरलें गेलें. ज्या पक्षाच्या बहुमताच्या काळांत हा संकेत घातला गेला, त्याच पक्षाच्या वाट्यास तो साठ वर्षांनीं उलटून आला. सभागृहाचा नियम घालणाऱ्याचें काम असें असतें. तो ज्यांच्यासाठीं घालावा, ते उद्यां बाकें बदलून समोर बसतात. आणि आज ज्यास तो बोंचतो, त्याच्याच हातीं तो उद्यां पडतो. वकिलास आपला पक्षकार कोण, हें पहिल्या दिवसापासून ठाऊक असतें. सभापतीचा पक्षकार म्हणजे अजून निवडून यावयाचे सभासद आणि अजून भरावयाची सभा. त्यानें केलेलें काम चांगलें कीं वाईट, याचा निकाल त्यांनींच पुढें द्यावयाचा असतो.